रजिस्टरात रेघ कोणी मारायची?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन धड चालत नव्हते हे एक कारण. दुसरं, केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप इंग्रजीत होतं. मराठीत राबणाऱ्या बाईने बाळाचं वजन इंग्रजीत का नोंदवायचं? सेविका भांडल्या. पुढे अ‍ॅपमध्ये मराठी आली. पण मैत्रिणींनो, लढाई अर्धीच झाली आहे.

कागदाचं रजिस्टर होतं तेव्हा कळमनुरी-सेनगावकडची सेविका पट्टी घेऊन एक जादा रकाना आखू शकायची: दिवाळीनंतर कोणतं घर ऊसतोडीला गेलं, आई कधी परत येणार. मोबाइलमधला रकाना दिल्लीत ठरतो. इथल्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात. तिच्यासाठी काय, पुन्हा फोन परत करायचे?

कोड ही काही जादू नाही. यंत्राने काय करायचं ते सांगणाऱ्या लेखी सूचना, एवढंच. त्या कुलपात ठेवायच्या की सर्वांपुढे, हा मात्र सत्तेचा प्रश्न आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी चळवळ उभी केली. मागणी साधी: कोड वापरू द्या, वाचू द्या, बदलू द्या, पुढे देऊ द्या. १९८९च्या त्यांच्या परवान्यात अटही आहे, की बदललेलं पुढे देताना तेच हक्क पुढच्यालाही द्यायचे. शेजारणीकडून विरजण आणणारीला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि त्याच १९८३ सालचं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' आठवा. ते कुलपात राहिलं असतं तर इतक्या भाषांत गेलं असतं का?

सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. सरकारी अ‍ॅप्सचा कोड खुला करण्याचं धोरण केंद्रानेच २०१५ मध्ये काढलं. 'आरोग्य सेतू'वर टीका झाली तेव्हा मे २०२० मध्ये त्याचा कोड खुला करता आला. मग लेकरांच्या वजनाच्या अ‍ॅपचा का नको? पैसा जनतेचा, राबणारी बाई मानधनावर, आणि मालकी कुणाची?

साहेब लोक म्हणतील, बायकांची माहिती उघडी पडेल. खोटं आहे. कोऱ्या रजिस्टराचा नमुना सर्वांना दाखवला म्हणून भरलेलं रजिस्टर चावडीवर मांडलं असं होत नाही. दुसरा आक्षेप, कोड वाचणार कोण? कायद्याचं पुस्तक तरी किती जणी वाचतात? म्हणून ते छापणं कुणी थांबवत नाही. हिंगोली-वसमतच्या मुलीही संगणक शिकतात. (नवे रकाने सेविकांना विचारूनच घालायचे, हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ ओझं आहे.)

पुढच्या मागणीपत्रात मानधन आणि पेन्शनच्या खाली एक कलम वाढवू या: पोषण ट्रॅकरचा कोड खुला करा, आणि एखाद्या मुलीने त्यात गोरमाटी जोडून दिली तर ती तपासून स्वीकारण्याची रीत व मुदत लेखी ठरवा.