नाट्यविभागाचे हितशत्रू

उपनगरांतील मराठी मध्यमवर्ग नाटकवेडा आहे, ही गोष्ट नव्याने सिद्ध करीत बसण्याचे कारण नाही. पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचे महाकवी कालिदास या नाट्यगृहांची नावे आमच्या घरांत आप्तेष्टांच्या नावांसारखी घेतली जातात. परंतु याच घरातील मुलीने पदवी पदरात पडल्यावर ‘मी कलिन्याला नाट्यशिक्षण घेणार’ असे सांगितले, की कालपर्यंत नटांची स्तुतिस्तोत्रे गाणारी वडील मंडळी एकाएकी गंभीर होतात. ‘हौस म्हणून नाटक करावे, पण त्यापायी दोन वर्षे कशाला घालवायची?’ हा प्रश्न ठरलेलाच. ज्या कलेचा आम्हांला एवढा अभिमान, तिचे शिक्षण मात्र आम्हांला काळाचा अपव्यय वाटतो. गेल्या काही वर्षांत विद्यापीठांतील नाट्यविभागांवर जे प्रसंग ओढवले, त्यांचे मूळ आमच्या मते याच वृत्तीत आहे. ज्या संस्थेचे काम काय हेच समाजाने कधी समजून घेतलेले नसते, तिच्या अंगणात कोणीही यावे आणि आपले भांडण उरकून जावे, असे व्हायचेच.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते 1843 साली. जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले ते 1855 साली. आणि मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 साली. म्हणजे मराठी नाटक हे या विद्यापीठाहून 14 वर्षांनी वडील आहे. या वडील भावंडाला धाकट्याने आपल्या घरात स्वतंत्र खोली दिली ती 2003 साली, जेव्हा वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली कलिन्याच्या विद्यानगरीत ‘अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स’ सुरू झाली. तोपर्यंत 146 वर्षे लोटली होती! दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 सालचे. तेव्हाच्या औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाने नाट्यशास्त्राचा विभाग उघडला तो 1970 नंतरच्या दशकात. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 सालचे. ज्या नगरीत व्यावसायिक रंगभूमी रोज पडदा उघडते, त्या नगरीचे विद्यापीठ या सर्वांच्या मागून जागे झाले.

मधल्या काळात नाटक शिकविलेच जात नव्हते, असे मात्र नाही. जुन्या नाटक मंडळ्या याच त्या काळच्या नाट्यशाळा होत्या. पोरवयात मंडळीत शिरलेला मुलगा तेथेच जेवे, तेथेच निजे, आणि तालीममास्तरांच्या हाताखाली वर्षानुवर्षे उच्चार, हालचाल, गाणे यांचे धडे गिरवी. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा थोर नाटककार स्वतः तालमी घेत असे. बालगंधर्वांना दैवाने गळा दिला हे खरे. पण भास्करबुवा बखले यांच्याकडील शिक्षणावाचून तो गळा त्या पदाला पोचला असता, असे कोण म्हणेल? पुढे 1931 साली ‘आलम आरा’ आणि 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक मंडळ्यांचे बिऱ्हाड मोडले. मंडळ्या बुडाल्याबद्दल आम्ही आजवर पुष्कळ अश्रू ढाळले. पण त्यांच्याबरोबर एक शिक्षणपद्धतीही बुडाली, याची हळहळ फार थोड्यांना वाटली. विद्यापीठातील नाट्यविभाग हा त्या बुडालेल्या तालमीचा वारस आहे. त्याच्याकडे पाहण्याची आमची दृष्टी येथूनच सुरू होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की नट जन्मावा लागतो. हा आक्षेप गायकाविषयी कोणी घेत नाही. घरातल्या मुलीचा आवाज गोड निघाला, तर तिला गाण्याच्या शिकवणीला धाडण्याची घाई आपण करतो. जन्मजात गळा आहे म्हणून रियाज नको, असे म्हणत नाही. शिवाय नाटक म्हणजे एकटा नट नव्हे. संहितेचे वाचन, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेषभूषा, ध्वनी, प्रयोगाची व्यवस्था, यांपैकी कोणती विद्या माणूस आईच्या पोटातून घेऊन येतो?

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांतून रुईया, रुपारेल, डहाणूकर, वझे-केळकर यांची मुले तयार होतातच, आणि गोरेगावची चित्रनगरी हाकेच्या अंतरावर आहे. मग मध्ये विद्यापीठ कशाला? एकांकिका स्पर्धांचे मराठी रंगभूमीवरील ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु स्पर्धा ही शेवटी स्पर्धा आहे. तेथे ठरलेल्या मिनिटांत परीक्षकांना जिंकावयाचे असते, आणि म्हणून गेल्या वर्षी जे जिंकले तेच यंदा पुन्हा करून पाहण्याचा मोह अनिवार होतो. मालिकांच्या धंद्याला तर रोजचा भाग रोज उरकावयाचा असतो. नटाने भूमिकेपाशी महिनाभर थांबावे, ही चैन त्याला परवडणारी नाही. या दोन्ही ठिकाणी पोट भरते, नाव होते, आणि त्यात काही गैर नाही. मात्र चुकत चुकत शोध घेण्याची मुभा या दोन्ही ठिकाणी नाही. ती देण्यासाठीच विद्यापीठ असते. रसायनशाळेत विद्यार्थ्याचे दहा प्रयोग फसले तर कोणी प्रयोगशाळा बंद करा म्हणत नाही. नाट्यविभागाची तालीम ही त्याची प्रयोगशाळा आहे, आणि ‘प्रयोग’ हा शब्द आपल्या भाषेने दोहोंना एकच दिला आहे.

आता विद्यापीठांकडे वळू. नाट्यविभाग काढला की सांस्कृतिक कर्तव्य संपले, अशी आमच्या विद्यापीठांची समजूत दिसते. स्नेहसंमेलनात, युवक महोत्सवात आणि पाहुण्यांच्या स्वागतात हा विभाग सर्वांना आठवतो. अंदाजपत्रकाच्या वेळी मात्र विसर पडतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर विभाग चालविणे हा आपल्या उच्च शिक्षणाला जडलेला सार्वत्रिक रोग आहे; पण इतर विषयांत निदान पुस्तक तरी विद्यार्थ्याच्या हाती असते. नाट्यशिक्षण गुरूच्या सहवासावाचून होतच नाही. आज एक नामांकित पाहुणे यावेत, दोन दिवस आपल्या आठवणी सांगाव्यात, उद्या दुसऱ्यांनी येऊन पहिल्यांचे सर्व खोडावे, याला कोणी शिक्षण म्हणत असेल तर म्हणो. जुना तालीममास्तर ते म्हटले नसता.

या पार्श्वभूमीवर कलिन्याचा प्रसंग पाहावा. 2019 च्या डिसेंबरात नाट्य अकादमीचे तत्कालीन संचालक योगेश सोमण यांनी राहुल गांधी यांच्या सावरकरविषयक उद्गारांवर टीका करणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. पुढच्याच महिन्यात, 2020 च्या जानेवारीत, विद्यार्थ्यांनी अध्यापनाच्या दर्जाविषयी तक्रारी मांडून आंदोलन केले. विद्यार्थी संघटना त्यात उतरल्या. विद्यापीठाने संचालकांना सक्तीच्या रजेवर धाडले आणि समिती नेमली. झाले! एका बाजूने हा राजकीय सूड ठरविला, दुसऱ्या बाजूने हा विचारांचा विजय ठरविला, आणि दोन्ही बाजूंची वक्तव्ये वृत्तपत्रांतून झळकली. संचालक दोषी की निर्दोष, याचा निवाडा करण्यास आम्ही बसलेलो नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ‘आम्हांला नीट शिकविले जात नाही’ हे जे विद्यार्थ्यांचे मूळ गाऱ्हाणे, ते या कोलाहलात पार बुडाले. ते खोटे असेल तर तसे दाखवावयाचे होते. खरे असेल तर अभ्यासक्रम, अध्यापक आणि तासांची व्यवस्था यांची सार्वजनिक चर्चा व्हावयाची होती. पण शिकविण्याच्या प्रश्नावर सभा भरत नाहीत. सावरकर आणि गांधी यांच्या नावांवर भरतात. विद्यार्थ्यांच्या तक्रारीला राजकारण म्हणून झटकणारे आणि त्याच तक्रारीचा राजकारणासाठी झेंडा करणारे, हे दोघेही आमच्या लेखी त्या विभागाचे सारखेच हितशत्रू होत.

पुण्याचा प्रसंग याहून कठोर होता. 2024 च्या फेब्रुवारीच्या 2 तारखेस ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांनी एक नाटक सादर केले. रामलीलेतील नटांचे पडद्यामागील जीवन हा त्याचा विषय. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी तो प्रयोग बंद पाडला. पुढे पोलिसांनी विभागप्रमुख प्रवीण भोळे यांना आणि 5 विद्यार्थ्यांना धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून अटक केली. न्यायालयाने त्यांना जामीन दिला. ज्या देशात रामलीला गावोगाव होते, तेथे रामलीलेतील नट हाही माणूसच असतो, असे विद्यार्थ्यांनी दाखवू पाहावे आणि त्यापायी त्यांच्या शिक्षकांसह अटक ओढवून घ्यावी!

‘देवादिकांची थट्टा ही का कला?’ असे विचारणाऱ्या सज्जनांना आम्ही आदरपूर्वक त्यांच्याच गावची आठवण देतो. अंधेरी-घाटकोपरचे निम्मे चाकरमानी कोकणचे. दशावतारात संकासुराच्या लीलांवर देवळाच्या आवारात हसे पिकते ते त्यांनी लहानपणी पाहिले नाही काय? देशावरच्या तमाशातील गौळणीत श्रीकृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची थट्टामस्करी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यामुळे कृष्णभक्ती ओसरली असे कोणा वारकऱ्याने म्हटल्याचे ऐकिवात नाही. मुकुट उतरवून ठेवलेला राम रंगपटात चहा पितो, हे आमच्या आजोबांना ठाऊक होते, आणि तोच राम रंगमंचावर आला की ते हातही जोडीत. आपली श्रद्धा एवढी समंजस होती. ज्याला विद्यार्थ्यांचे नाटक वाईट वाटले, त्याने ते वाईट आहे असे लिहावे, विभागाकडे लेखी तक्रार करावी, उठून जावे. रंगमंचावर चढून प्रयोग थांबविण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

इंग्रज सरकारने 1876 साली नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा केला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 साली बंदी आली. 1972 साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो 1876 चा कायदा संसदेने 2018 साली अखेर मोडीत काढला. सरकारी बंदीशी निदान न्यायालयात झुंजता येत असे. सभागृहात घुसलेल्या जमावाविरुद्ध दाद मागेपर्यंत पडदा पडून गेलेला असतो.

येथे वाचकांना एक रोखठोक प्रश्न आहे. 2020 साली ज्यांना कलिन्यात अन्याय दिसला, त्यांना 2024 साली पुण्यात तो दिसला काय? आणि पुण्याच्या अटकेने जे पेटून उठले, त्यांनी कलिन्यात शिक्षकाच्या मतस्वातंत्र्याचा आणि त्याच्या अध्यापनाचा विचार वेगवेगळा केला होता काय? प्रत्येकाने आपापल्या मनाशी उत्तर द्यावे. ज्यांचे उत्तर दोन्ही ठिकाणी एकच येते, त्यांनाच नाट्यशिक्षणाची चाड आहे, असे आम्ही समजू. बाकीच्यांना आपला पक्ष प्रिय आहे. नाटक हे केवळ निमित्त.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. नाट्यविभागांतील जागा कायमस्वरूपी अध्यापकांनी भराव्यात. तालमीला रात्री उशिरापर्यंत उघडी राहील अशी स्वतःची जागा असावी. अध्यापनाविषयीच्या तक्रारीची चौकशी नाट्यशिक्षण जाणणाऱ्यांनी करावी, आणि तिचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात बाहेरून कोणी विघ्न आणले, तर विद्यापीठाने प्रथम विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहावे आणि मग समित्या नेमाव्यात.

राहता राहिला आम्हां प्रेक्षकांचा वाटा. कलिना हे सांताक्रूझ आणि कुर्ला यांच्या मधोमध आहे. अंधेरीकराला वा घाटकोपरकराला ते दूर नाही. तरीही व्यावसायिक नाटकाला सहकुटुंब जाणाऱ्या आमच्यापैकी किती जणांनी तेथील विद्यार्थ्यांचा एखादा प्रयोग पाहिला आहे? तो कदाचित कच्चा असेल, लांबेल, कळणारही नाही. तरी पाहावा आणि संपल्यावर त्या मुलांशी भांडावे. ज्या विभागाला असा रोजचा, जाणता, टीका करणारा शेजार लाभतो, त्याच्या दारात झुंडीने येणाऱ्याला दहादा विचार करावा लागतो. आणि असा शेजार देऊनही घरची मुलगी नाट्यशिक्षण घेईन म्हणाली, तर निदान तिला ‘कशाला?’ असे विचारण्यापूर्वी आपण स्वतः तेथे काय पाहिले, ते आठवावे.