पितृऋण आणि न्याय

जनमेजयाच्या सर्पसत्रापासून आजपर्यंत, पित्याच्या मृत्यूचा सूड म्हटला की वाचकाची सहानुभूती मिळवण्यासाठी वेगळे कारण द्यावे लागत नाही. राजकीय थरारकथेचे लेखक या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतात. २०२५ साली निवर्तलेले फ्रेडरिक फोर्साइथ यांनी ‘द ओडेसा फाइल’ (१९७२) या कादंबरीत तेच केले. परंतु त्यातून निघणारा प्रश्न त्या कथेहून मोठा आहे.

कथानक १९६३च्या नोव्हेंबरात सुरू होते. हॅम्बुर्गमध्ये आत्महत्या केलेल्या सालोमन टाउबर या वृद्ध ज्यूची रोजनिशी पीटर मिलर या तरुण जर्मन पत्रकाराच्या हाती पडते आणि तो रिगाच्या घेटोचा क्रूरकर्मा अधिपती एडुआर्ड रोशमन याच्या मागावर निघतो. रोजनिशीत हजारोंच्या संहाराची हकीकत आहे. मिलरला पेटवले मात्र त्यातील एका नोंदीने, हे अखेरीस उलगडते. रोशमनने रिगाच्या बंदरात एका जर्मन कॅप्टनला गोळी घातली होती, आणि तो कॅप्टन मिलरचा पिता होता.

परक्यांच्या हजारो मृत्यूंनी जे घडत नाही ते घरच्या एका मृत्यूने घडते, ही मानवी स्वभावाची कबुली झाली. पण मिलरला निष्कलंक, शूर पिता बहाल करून लेखकाने त्याची वाट सोपी करून टाकली. डिसेंबर १९६३ मध्ये आउश्वित्झ छावणीतील अधिकाऱ्यांवर फ्रँकफुर्टला खटला उभा राहिला, तेव्हा असंख्य जर्मन तरुणांना आपल्या पित्याने युद्धकाळात काय केले, हेच विचारण्याचे धैर्य करायचे होते. या प्रश्नाला सूड हे उत्तर असूच शकत नाही.

शिवाय सूड उगवला जातो तो ज्याच्यामागे कोणी उरले आहे त्याचा. टाउबरच्या मागे कोणीही नव्हते. ज्यू परंपरेत पित्यासाठी पुत्राने म्हणावयाची कद्दिश ही प्रार्थना कादंबरीच्या शेवटी जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकात त्याच्यासाठी म्हणतो तो एक अनोळखी इस्रायली. पुस्तकातील खरे पुत्रकर्तव्य हेच आहे.

१९७४च्या चित्रपटात मिलर रोशमनला ठार करतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. कादंबरीतला रोशमन निसटतो. खरा रोशमन १९४८ मध्ये अर्जेंटिनाला पळाला आणि रिगातील गुन्ह्यांबद्दल कोणत्याही न्यायासनापुढे उभा न राहता ऑगस्ट १९७७ मध्ये पराग्वेत मरण पावला. ज्यांच्यामागे रडायलाही कोणी उरले नाही, त्यांचे ऋण कायद्यानेच फेडायचे असते. कायद्याने ते फेडले नाही, म्हणूनच चित्रपटातल्या गोळीवर लोकांना समाधान मानावे लागले.