अपील टाळू नका



मालमत्ता कराच्या आकारणीविरुद्ध अपील म्हणजे वेळेचा अपव्यय, बिल आले की भरून मोकळे व्हावे, हा मागील अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला मुळीच पटला नाही. पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन नेहरूनगर, स्मृतीनगरात पीएफच्या पैशांतून घर बांधलेल्या भिलाईकरांना तर तो महागात पडेल.

छत्तीसगडमध्ये घरमालक स्वतःच विवरण भरतो. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवरून वार्षिक भाडेमूल्य ठरते. महापालिकेच्या आकारणीशी फरक १० टक्क्यांपर्यंत असेल, तर तो सोडून दिला जातो. त्याहून जास्त निघाला, की फरकाच्या पाचपट दंड! या दंडाविरुद्ध महापौर परिषदेकडे अपील करण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती आपणच वापरायची नाही, तर कोणी?

आधी टेप घेऊन घर मोजा. मागच्या पडवीवर पत्रे असताना कागदावर पक्के छत लागले आहे का? केव्हाच बंद झालेले दुकान अजून व्यावसायिक वापरात दिसते का? राहत्या घराची सवलत धरली आहे का? पुण्यात २०२३ मध्ये ४० टक्के सवलत पुन्हा लागू झाली, तेव्हाही ती गमावलेल्यांना पीटी-३ अर्ज भरावाच लागला. न मागता काही मिळत नाही.

विवरणाची प्रत, जुन्या पावत्या, घराचे फोटो जपून ठेवा. दंडाचा आदेश हाती पडताच अपिलाची मुदत विचारा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

– एक वाचक, भिलाई