कातळ काही गिळत नाही म्हणे!

परवा फेरफटक्यात एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, तळोज्याखाली काळा कातळ आहे. नाल्यात काहीही सोडा, खाली झिरपत नाही. मी दगडाच्या कापाचे फोटो पाहिलेत. भोकं नावालाच!"

मी मराठी माध्यमातला बी. ए.; पण हे पटेना. म्हणून वाचून काढलं. दगडाच्या तुकड्यात निळी राळ मुरवतात, साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढतात आणि सूक्ष्मदर्शकातून फोटो घेतात. त्यातला निळा भाग किती, ते संगणक मोजतो. तेवढे टक्के पोकळी. पद्धत झकास आहे. माझं भांडण त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी आहे.

आंबोळीची जाळी वरून मोजली, तर रस तळाला पोचेल का हे कळतं का? आपल्या बेसाल्टमध्ये लाव्हा थिजताना बुडबुड्यांची भोकं पडली, त्यातली पुष्कळशी पुढे झिओलाइटसारख्या खनिजांनी बुजली. पाणी मुख्यतः चालतं ते भेगांतून, सांध्यांतून, झिजलेल्या थरांतून. त्या भेगा इवल्याशा कापात कुठून दिसणार? कातळ अभेद्य असता तर आपल्या आजोबांच्या विहिरींना पाणी लागलं असतं का?

ज्या वाटेने पाणी विहिरीत येतं, त्याच वाटेने घाणही येते. कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण २०१८ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं, ते उगाच नव्हे.

फोटो जरूर काढा. पण निर्णय विहिरीचं पाणी तपासून करा. दगडाच्या नावावर आपलं पाप खपवू नका.

असो. तुमच्या गावच्या विहिरीचं कसं आहे? जरूर कळवा.