बांधलेल्या जिवांचा पंचनामा

3 एप्रिल 2024 रोजी पहाटे आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराच्या छावणी भागातील दाणाबाजारात तळमजल्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि त्याच इमारतीत वर झोपलेल्या एका कुटुंबातील 7 जणांचे प्राण गेले. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. धुराने ते गुदमरले, असे प्राथमिक चौकशीत निष्पन्न झाले. ज्या शहरात माणसाच्या सुटकेचा बंदोबस्त अद्याप इतका अपुरा आहे, तेथे कुत्र्यामांजरांच्या सुटकेसाठी लेखणी उचलणे हे पुष्कळांस भरल्या पोटाचे चोचले वाटतील, आणि तसे वाटणाऱ्यांचा मी अनादर करीत नाही. परंतु आगीतून सुखरूप बाहेर आलेला माणूस पुन्हा आत धावतो तो कशासाठी, याचा विचार हे आक्षेपक करीत नाहीत. दागिन्यांसाठी धावणारे असतात, जमिनीच्या कागदपत्रांसाठी धावणारेही असतात; पण त्यांना दंडाला धरून थांबविता येते. आतून ओळखीचे केकाटणे ऐकू येत असता दारातल्या पोराला थांबविणे मात्र शेजाऱ्यांच्या आवाक्यातले राहत नाही. म्हणून मुक्या जिवाची सोय आधीच लावून ठेवणे ही मुळात माणूस वाचविण्याचीच तजवीज आहे. भूतदयेचा प्रश्न त्यानंतरचा.

धुरात जनावर कसे वागते, हे पाळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. मांजर दाराकडे धावत नाही; ते पलंगाखाली, कपाटामागे, गाद्यांच्या चळतीत, म्हणजे जेथे रोज भीती वाटली की दडते तेथेच दडते, आणि हाकेला ओ देत नाही. एरवी शिट्टीसरशी येणारा कुत्रा शिरस्त्राण आणि मुखवटा घातलेल्या अग्निशामकाला पाहून कोपऱ्यात दबतो किंवा त्याच्यावरच धावून जातो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची तर कथाच वेगळी. त्याची श्वसनक्रिया इतकी नाजूक की इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची वर्दी मिळावी म्हणून 1986 पर्यंत कॅनरी पक्षी बाळगीत असत. (आपल्याकडे पिंजऱ्यात बहुधा देशी पोपट असतो आणि तो पाळण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुळातच मनाई आहे, त्याच्या बाबतीत आगीची वाट न पाहिलेली बरी.)

त्यात आपली घरे. सिडकोच्या एन-क्रमांकाच्या वसाहतींतून संध्याकाळी फेरफटका मारावा, तो गॅलऱ्यांना छतापर्यंत लोखंडी ग्रिल, ग्रिलच्या दाराला कुलूप, आणि किल्ली कोठे तर आतल्या खोलीतल्या फडताळात. चोरासाठी केलेला हा जय्यत बंदोबस्त आगीच्या वेळी घरच्यांवरच उलटतो. मालक कामावर गेला असता गॅलरीत साखळीने बांधून ठेवलेल्या कुत्र्याला तर तेथून सुटण्याचा मार्गच उरत नाही. गुलमंडी, शहागंजकडच्या जुन्या बोळांत पदमपुऱ्याच्या अग्निशमन केंद्राचा बंब तोंडाशीच अडखळतो, ती अडचण आणखी निराळी. गंमत अशी की कित्येक फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावधान’ अशी ठसठशीत पाटी असते. पण कुत्रे किती, रात्री कोणत्या खोलीत असतात, मालक गावी गेला तर निरोप कोणाला द्यायचा, यातले अवाक्षर तीवर नसते. ती पाटी चोराला भिववते, आणि प्रसंग आला तर अग्निशामकालाही.

शहराच्या वेशीबाहेर पडले की या प्रश्नाचे रूप पालटते, मर्म तेच राहते. कडब्याच्या गंजीला ठिणगी लागते, वाऱ्याने ती गोठ्याच्या पाचटावर येते, आणि दावणीची जनावरे जागच्या जागी होरपळतात. उन्हाळ्यात अशी बातमी मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याला नवी नाही. अशा वेळी दैव दोन हातांच्या दाव्यावर येऊन ठेपते. भेदरलेली गाय मागे रेटा देते, तसतशी निरगाठ आवळत जाते. मग विळा शोधण्यात आणि धुरात चाचपडण्यात जीव वाचविण्याची वेळ निघून जाते. तेच दावे खुंट्याला सुरगाठीने बांधले असेल तर मोकळे टोक एकदा ओढताच जनावर सुटते. जुन्याजाणत्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. परंतु दाव्याच्या जागी साखळी आली, गोठ्याला पत्र्याचे दार आणि त्याला कुलूप आले, तेव्हापासून हे हातचे शहाणपण मागे पडत चालले आहे. सोडविलेले जनावर पुष्कळदा सवयीने पुन्हा गोठ्याकडेच धाव घेते, तेव्हा ते लांब नेऊन बांधणे किंवा पाठीमागे दार लावून घेणे हेही सोडविणाऱ्याच्या ध्यानी असावे लागते.

प्राण्यांच्या निष्ठेविषयी बोलावयाचे झाले की आपण सर्वजण धर्मराजाच्या श्वानाकडे वळतो. मला या संदर्भात महाभारतातली दुसरी कथा अधिक जवळची वाटते. खांडववन पेटले असता जरिता नावाची पक्षिणी आपल्या पंख न फुटलेल्या चार पिलांना उंदराच्या बिळात शिरावयास विनविते; पिले म्हणतात, आत उंदीर खाईल, बाहेर अग्नी जाळील, तू तरी उडून जा. जिला जाता येते ती जाऊ शकत नाही आणि ज्यांना जाता येत नाही ती तिला जा म्हणतात, हा पेच व्यासांनी पक्ष्यांच्या तोंडी घातला खरा, पण आपल्या गॅलरीच्या कुलपाशी तो जसाच्या तसा उभा राहतो. फरक इतकाच की त्या पिलांना कोणी कोंडले नव्हते. आपण कोंडतो, बांधतो, गळ्यात पट्टा घालतो. स्वतःची सुटका करून घेण्याची जी काही शक्ती निसर्गाने त्या प्राण्याला दिली होती ती आपल्या सोयीसाठी काढून घेतो. तेव्हा वेळप्रसंगी सोडविण्याची जबाबदारीही आपल्याकडे येते, आणि ती उपकार म्हणून नव्हे तर देणे म्हणून येते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम हेच सांगते की, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या क्षेमासाठी सर्व वाजवी उपाय योजणे हे त्याचे कर्तव्य होय. त्याच कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे, यावरून ते कर्तव्य आपण किती किमतीचे मानतो हेही दिसते.

आता सरकारी दप्तराकडे वळू. आपत्ती ओसरली की तलाठी पंचनाम्याला येतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 पासूनच्या निकषांप्रमाणे दुभत्या गाईम्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000, शेळीमेंढीला 4,000 आणि कोंबडीला 100 रुपये अशी मदत ठरली आहे. ही रक्कम पुरेशी आहे काय हा वाद निराळा. पण या यादीत कुत्र्याला आणि मांजराला रकाना नाही. हे साहाय्य उपजीविकेच्या हानीपोटी असल्यामुळे त्यात तर्कदृष्ट्या चूक नाही, आणि कुत्र्याच्या मृत्यूबद्दल सरकारने पैसे मोजावेत असे माझे म्हणणेही नाही. माझी तक्रार एवढीच की, ज्याला पंचनाम्यात रकाना नसतो त्याला सुटकेच्या आराखड्यातही जागा मिळत नाही. पुरात बचावाची नाव येते, माणसे चढतात आणि मागे राहिलेला कुत्रा छपरावरून नावेकडे पाहत राहतो. वस्तुतः तो कोणाच्याही दप्तरात नसतो.

आणि हे सर्व जमण्याजोगे नाही, असे निदान आपल्या राज्याने तरी म्हणू नये. 2012-13 च्या आणि पुन्हा 2018-19 च्या दुष्काळात याच मराठवाड्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. त्यांतील गैरव्यवहाराच्या सुरस कथा बाजूस ठेवल्या तरी हजारो जनावरांना मालकासह आसरा, चारा आणि पाणी देण्याची यंत्रणा शासनाला उभारता आली, ही गोष्ट नाकारता येत नाही. मग पुराच्या वेळी ज्या शाळेत माणसांची सोय होते तिच्या आवारातली एक पडवी पाळीव प्राण्यांसाठी राखणे अशक्य का असावे? अमेरिकेत 2005 साली कतरिना वादळात प्राणी सोबत घेण्यास मनाई झाली म्हणून अनेकांनी बुडती घरे सोडण्यास नकार दिला. तो अनुभव इतका कटू होता की पुढच्याच वर्षी, प्राणी पाळणाऱ्या कुटुंबांची सोय आपत्तीच्या आराखड्यात असलीच पाहिजे, असा कायदा झाला. आधी विचार केलेला नसला म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे तर 1939 चे लंडन पाहावे. युद्ध पुकारले जाताच तेथील सुसंस्कृत नागरिकांनी, बॉम्ब पडण्याच्या कितीतरी आधी, केवळ पुढे काय होईल या धास्तीने आठवड्याभरात लाखोंनी कुत्री-मांजरे दवाखान्यांत नेऊन मारून टाकली.

घरधन्याने करावयाचे ते फारसे अवघड नाही. ग्रिलची किल्ली ग्रिलपाशीच, परंतु बाहेरून हात न पोहोचेल अशा खिळ्यावर असावी. पट्ट्यावर फोन क्रमांक कोरलेला असावा. मांजराची टोपली माळ्यावर न टाकता दाराजवळ ठेवावी आणि अधूनमधून तीत त्याला खाऊ घालावा, म्हणजे ऐन वेळी ते टोपलीला बिचकत नाही. समई किंवा निरांजन तेवत ठेवून, घरात मांजर मोकळे सोडून बाहेर पडू नये, हे आपल्या आज्या सांगत. आता त्या यादीत चार्जिंगला लावलेल्या गाडीची भर घालावी लागेल. एवढे करूनही आत कोणी राहिलेच, तर पुन्हा आत न शिरता 101 वर कळवावे आणि बंब येताच कोणता प्राणी कोणत्या खोलीत आहे हे नेमके सांगावे. आत जाण्याचे साधन आणि शिक्षण त्यांच्याकडे आहे.

महापालिकेकडे मागणे एकच आहे. कुत्रा पाळण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. त्या अर्जात मालकाचे नाव, पत्ता, लसीचा दाखला असे सर्व काही मागितले जाते. त्यातच प्राणी घरात कोठे बांधला जातो आणि मालक नसताना किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे असते, असे दोन रकाने वाढवावेत, मांजरांचीही नोंद घ्यावी, आणि त्या नोंदवहीची प्रभागवार नक्कल पदमपुऱ्याच्या अग्निशमन केंद्रात ठेवावी. यासाठी नवे खाते नको, नवा अधिकारी नको. अर्जाचा नमुना नव्याने छापावा लागेल, एवढाच काय तो खर्च.