सुट्टी मिळाली, भाड्याचं काय?

दिवाळी आली की एसटीची हंगामी भाडेवाढ येणार, हे आपण आता धरूनच चाललोय. २०२३ मध्ये दहा टक्के वाढ झाली. पुढची दोन वर्षं ती जाहीर होऊन रद्द झाली, तेवढंच समाधान. खासगी बसवाल्यांना तर २०१८ च्या नियमानं एसटीच्या दीडपट भाडं घ्यायची मुभाच आहे. गरीब माणूस वर्षातून एकदा घराबाहेर पडतो, आणि नेमका तेव्हाच त्याचा प्रवास महाग करायचा?

१९३६ साली फ्रान्समध्ये ब्लूम यांच्या सरकारनं कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी सुट्टी कायद्यानं दिली. पण खिशात भाडं नसेल तर नुसत्या सुट्टीचं माणूस काय करणार? म्हणून त्याच उन्हाळ्यात लाग्रांज या मंत्र्यानं रेल्वे तिकिटावर ४० टक्के सवलत मिळवून दिली. अनेक कुटुंबांनी तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. (हिटलरनंही कामगारांसाठी स्वस्त सहली काढल्या होत्या, पण त्यांच्या संघटना मोडल्यावर. तिला सवलत नाही, लालूच म्हणतात.)

आपल्या रेल्वेतही ४० टक्के सवलत होती, साठीच्या पुरुषांना. मार्च २०२० पासून ती बंद आहे.

आमच्या वरणगावात ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. तिथल्या कामगाराला पगारी रजा मिळते. आम्हा शिक्षकांनाही मे महिन्याचा पगार घरबसल्या मिळतो. केळीच्या बागेत घड कापणाऱ्या मजुराला मात्र सुट्टी म्हणजे रोजी बुडाली. त्याला गावाला जाण्याचा खर्च दुहेरी पडतो, भाड्याचा आणि खाड्याचा.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. आता आई आणि दोन लहान मुलं दीड तिकिटात नानीकडे जातात. बाप निघाला की हिशेब अडीचवर जातो, शिवाय त्याची मजुरी बुडते. म्हणून तो मागेच राहतो. आणि नानी बुऱ्हाणपूरची किंवा सुरतेची असली तर राज्याच्या हद्दीपुढे आईलाही पूर्ण भाडं. आमच्या खानदेशात असे सोयरे घरोघरी आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की मजूर कुटुंबाला वर्षातून एकदा, उन्हाळ्यात किंवा सणाला, मग ती दिवाळी असो की ईद, जाऊन-येऊन अर्धं तिकीट मिळावं, बापासकट. शाळेच्या सहलीला एसटी निम्मी सवलत देतेच ना?