ग्वामचा चष्मेवाला कशाने गेला?

जास्वंदीच्या झाडावर टिवटिवणारा, डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला चष्मेवाला आपल्याकडे अनेकांच्या ओळखीचा आहे. त्याचा एक नातलग प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर राहत असे. 1983 नंतर तो कुणाला दिसला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेने 21 प्रजाती नामशेष ठरवल्या, त्यांत तोही होता. तिथून 200 किलोमीटरवरच्या सायपान बेटावर मात्र जवळपास तसाच चष्मेवाला आजही थव्यांनी फिरतो.

सायपानचा पक्षी काही अधिक चिवट नाही. वजन दोघांचेही दहा ग्रॅमपेक्षा कमी. ग्वामवरचे पक्षी घटू लागले तेव्हा आधी कीटकनाशके आणि रोगराई यांवर संशय होता. तपासणीत दोन्ही कारणे टिकली नाहीत. मग ज्युली सॅव्हिज यांनी, साथीचा माग काढावा तसे, पक्षी कुठून कधी नाहीसे झाले आणि तपकिरी वृक्षसर्प तिथे कधी पोहोचला, हे ताडून पाहिले. दोन्ही गोष्टी जुळल्या. 1987 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हा साप दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून आला होता. वाळ्यासारख्या इवल्या सापाखेरीज दुसरा साप या पक्ष्यांना ठाऊकच नव्हता. रात्री फांदीवर झोपलेला पक्षी आणि घरट्यातली अंडी त्याला आयतीच मिळाली. पक्षी गेल्यावर कोळी माजले. पावसाळ्यात ग्वामच्या जंगलात शेजारच्या बेटांच्या 40 पट कोळी आढळले.

आता या सापावर औषध म्हणून वापरतात ते चक्क पॅरासिटामॉल. मेलेल्या उंदराच्या पिलात 80 मिलिग्रॅमची मात्रा घालून ती पिले हेलिकॉप्टरमधून जंगलावर टाकतात. आपण तापासाठी घेतो त्या 500 च्या गोळीचा हा जेमतेम सहावा भाग. माणसात अतिमात्रेने यकृत बिघडते. सापाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच जाते. पण साऱ्या बेटावरचे साप संपवणे अजून कुणाला जमलेले नाही.

म्हणून सायपानच्या पक्ष्याचे भवितव्य ग्वामच्या बंदरात आणि विमानतळावर ठरते. तिथे प्रशिक्षित कुत्रे बाहेर जाणारे सामान हुंगून साप शोधतात. 2020 मध्ये ग्वामलगतच्या कोकोस बेटावर साप सापडलेच. डिसेंबर 2024 पासून ओकिनावातले अमेरिकी सैनिक ग्वामला हलवणे सुरू झाले आहे. लष्करी वाहतूक वाढली की तपासणीही त्याच प्रमाणात वाढायला हवी. खबरदारी म्हणून सायपानचे काही चष्मेवाले 2008 पासून सापविरहित सारिगान बेटावर नेऊन सोडले आहेत.